आधी काय दळलंय?

“आधी काय दळलंय?”

रत्नावहिनींनी डबा कट्ट्यावर टेकवण्याआधी विचारलं. त्यात नवल काही नव्हतं. विट्यात काय नि आणखी कुठं काय, गिरणीची पायरी चढणारी बाई पहिल्यांदा हेच विचारते. हरभऱ्यावर ज्वारी टाकली तर भाकरीला डाळीचा वास येतो, ज्वारीवर गहू टाकला तर चपाती काळपट होते. नवल होतं ते त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसाचं. सहा फुटांच्या वर उंची, उन्हानं लाल झालेली मान, पायात जाडजूड बूट. त्यानं वाकून गिरणीच्या तोंडात डोकावलं, मग भिंतीकडं बघितलं, मग वर छताकडं. माझ्या गिरणीच्या छताला पिठाची जळमटं बारा महिने लोंबत असायची. ती बघितली आणि तो सावकाश मागं सरकत दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

“गहू,” मी म्हणाले. “सकाळच्या पारी गव्हाबिगर काय असतंय, वहिनी?”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या आणि भरला डबा उचलून चालू लागल्या.

बावीस वर्षांत माझ्या गिरणीतून कुणी धान्य न दळता परत नेलं नव्हतं. सासूबाईंच्या मागं गिरणी मीच चालवत होते आणि शालन पाटोळेच्या दळणाला नाव ठेवणारी बाई त्या पेठेत जन्माला यायची होती. मी पट्टा चालू ठेवून त्या दोघांच्या पाठीकडं बघत राहिले. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी वहिनी एकट्या आल्या आणि पोत्यावर बसून सगळं सांगून गेल्या. तो त्यांचा जावई, हार्लन. मुलगी गिरिजा शिकायला अमेरिकेला गेली आणि अलाबामा नावाच्या मुलखातल्या या माणसाशी लग्न करून बसली, एवढं गावाला ठाऊक होतं. बाकीचं ठाऊक नव्हतं. वहिनींचे मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. गिरिजा एकुलती एक. तिला सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आली होती, आणि तिचं मन इथंच राहायचं होतं, आईजवळ, याच घरात. हार्लनचं काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही झालं असतं. त्याची ना नव्हती. पण त्याला एक दुखणं होतं. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडी सोलवटायची.

“तिखट सोसत न्हाई म्हणा की सरळ,” मी चेष्टेत म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. नवराबायकोचं ठरलं होतं की दोन महिने राहून बघायचं. त्याला निभावलं तर गिरिजा कॉलेजला होकार कळवणार, नाहीतर दोघं परत जाणार. मार्चअखेरपर्यंतची मुदत होती, आणि फेब्रुवारी अर्धा संपला होता.

तेवढ्यात तो एकदा आजारी पडूनही झाला होता. कशानं ते सापडेना. शेवटी गिरिजानं स्वयंपाकघरातला एकेक डबा वाचून काढला तेव्हा हिंग सापडला. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मला, जन्म पिठात काढलेल्या बाईला, त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तो दोन्ही वेळा भात, बिनहिंगाची आमटी आणि ताक एवढ्यावर होता. ज्वारीची भाकरी खाल्ली असती, पण ज्वारीही माझ्याच गिरणीतून जायची. चार किलो वजन उतरलं होतं. तक्रार करत नव्हता, पण जेवून उठला की जेवल्यासारखा दिसत नव्हता, असं वहिनी म्हणाल्या.

“त्याच्याकडं मक्याचा पाव करतात,” त्या म्हणाल्या. “लोखंडी भांड्यात, ताकात कालवून. साखर न्हाई, गहू न्हाई. त्याच्या आजीनं त्यावरच वाढवलाय त्याला. तेवढा जमला ना शालन, तर हा माणूस टिकतोय बघ.”

मी म्हणाले, मक्याला काय तोटा आहे, अख्ख्या खानापूर तालुक्यातल्या कोंबड्या त्यावर जगतात.

पण तोटा होता. आधी वहिनींनी किराणा दुकानातून मक्याचं पीठ म्हणून जे पुडकं आणलं ते कॉर्नफ्लॉवर निघालं. त्याचा पाव झाला नाही, खळ झाली. वहिनींच्या घराशेजारच्या पोरांनी त्यात पतंग चिकटवले असते. मग गिरिजानं पुण्याहून महागडं पीठ मागवलं. ते मैद्यासारखं बारीक, जुनाट वासाचं, आणि पाकिटावर खाली लहान अक्षरांत लिहिलेलं की याच कारखान्यात गहूही दळला जातो. ते तर त्यांनी उघडलंच नाही. मार्केट यार्डातला पिवळा मका मी स्वतः बघायला गेले. पोल्ट्रीचा माल, त्याला कीडनाशकाचा वास. तो मी माझ्या कोंबड्यांनाही घातला नसता.

त्यात हार्लनला हवा होता पांढरा मका. गिरिजानं सांगितलं की त्याच्या मुलखात पिवळा म्हणजे जनावराचा आणि पांढरा माणसांचा. मला हे पटलं. हा आपल्यातला माणूस वाटला.

पांढरा मका मिळाला तो सातपुड्यातून. वहिनींचा एक चुलतभाऊ धडगावकडं आश्रमशाळेत मास्तर होता. तिकडचे लोक पांढऱ्या मक्याचीच भाकरी खातात, असं त्यानं फोनवर सांगितलं आणि दहा किलोचं पोतं एसटीच्या पार्सलनं पाठवून दिलं. तीन गाड्या बदलून ते पोतं आलं. दाणे लहान मुलाच्या दातांसारखे. हार्लननं ओंजळीत घेऊन वास घेतला, एक दाणा दाढेखाली फोडला आणि मान डोलावली. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर मला हसू दिसलं.

मग प्रश्न जाडीचा. मी तीन वाट्या मांडल्या: एकीत तांदळाचा रवा, एकीत तांदळाच्या कण्या, एकीत गव्हाचा भरडा. गव्हाची वाटी गिरिजानं आधी उचलून बाहेर नेली. त्यानं रवा चिमटीत घेऊन चोळला, नाही म्हणून मान हलवली. कण्या घेतल्या, पुन्हा नाही. मग दोन्ही वाट्यांच्या मधली जागा बोटानं दाखवली. मी दुसऱ्या वाटीतल्या कण्या पाट्यावर थोड्या रगडून दिल्या. तो म्हणाला, येस. आमच्या दोघांत भाषा नव्हती, पण तेवढी चिमूट पुरली.

आता दळायचं कुठं? घरात जातं नव्हतं, मिक्सरनं मका सारखा फुटेना. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मागायची त्यांची पद्धत नव्हती.

माझ्या डोक्यात उपवासाचं दळण होतं. राजगिरा, वऱ्याचे तांदूळ, शिंगाडे यासाठी मी दर गुरुवारी दुपारी गिरणी झाडून पुसून घ्यायची. गव्हाचा कण नको म्हणून बायका डोळ्यांत तेल घालून उभ्या राहायच्या. म्हटलं, त्यातच मका काढू. पण एका बाईनं पोतं बघितलं आणि तिथंच हरकत घेतली. मका उपवासाला चालत नाही, त्याच्यावर आमचा राजगिरा काढणार का? मका शेवटी काढावा, तर उपवासाचं दळण घेऊन बायका अंधार पडेपर्यंत येतच राहायच्या. ज्या नियमानं त्याचा गहू टळणार होता, त्याच नियमानं त्याचा मकाही टळला.

तेव्हा मी मनावर घेतलं. हा शब्द मी जपून वापरते, कारण मनावर घेतलं की माझं दुसरं कशात लक्ष राहत नाही. दगडांना टाकी लावायला आली होती. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग टाकी लावणारा येऊन छिन्नीनं त्यांचे दात पुन्हा काढतो. आमचा सिद्राम महिन्याच्या शेवटी यायचा, त्याला मी आठवडा आधीच बोलावला. गिरणी दोन दिवस बंद ठेवली. गिऱ्हाइकं समोरच्या गिरणीत गेली, जाऊ दिली. छताची जळमटं काढली, भिंती धुतल्या, लोखंडाचा एकेक भाग ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसला. पीठ ज्यातून पडतं ती कापडाची जुनी बाही जाळून टाकली आणि नव्या मांजरपाटाची शिवली. हार्लन दोन्ही दिवस येऊन बघून जायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं दारातून आत पाऊल टाकलं आणि आतच उभा राहिला. मला तो माझा मानच वाटला.

रविवारी सकाळी दगड बसवले. सिद्राम हात धुऊन गेला. वहिनी पोतं घेऊन आल्या आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. सासूबाईंपासूनची रीत होती ती मी केली. दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दगडाला घास दिला, आणि मग मका ओतला. पहिल्या दोन ओंजळी पीठ निघालं ते बाजूला काढलं, कोंबड्यांसाठी. बाकीचं वहिनींच्या डब्यात पडत राहिलं, पांढरं, जाडसर, किंचित पिवळी झाक असलेलं. त्यांनी हात घालून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तुजं उपकार फेडायचं न्हाईत ह्या जल्मी,” एवढंच म्हणाल्या. बाकी त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही.

दुपारी मला जेवायला बोलावलं. हार्लननं स्वतःचा बिडाचा खोल तवा बॅगेतून आणला होता, पाच किलोंचा असेल. वहिनींच्या घरात अंडं चढत नव्हतं, म्हणून त्यानं अंडी मागच्या पडवीत फोडून घोळली, आणि वहिनींनी तिकडं पाठ केली. पीठ, ताक, मीठ, सोडा. त्याच्याकडं डुकराच्या चरबीत करतात म्हणे, इथं तूप. तवा धूर येईपर्यंत तापवला आणि त्यात ते सरबरीत ओतलं तेव्हा जो आवाज झाला त्यानं आम्ही सगळ्या पुढं झालो. मग झाकण ठेवून वर निखारे. अर्ध्या तासानं तवा परातीत उलटा केला. पाव खालून खरपूस तपकिरी, चांदकी भाकरी मोडावी तसा चरचरत तुटला.

त्यानं पहिला तुकडा उभ्यानंच खाल्ला. आम्ही तिघी त्याच्या जबड्याकडं बघत होतो. खाऊन झाल्यावर तो गिरिजाला हळू काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतोय?” वहिनींनी विचारलं.

“म्हणतोय, पीठ बरोबर आहे,” गिरिजा म्हणाली, आणि तोंड वळवून पाणी प्यायला गेली.

त्यानं चार तुकडे खाल्ले, उसळीबरोबर. मीही एक खाल्ला. मला विचाराल तर भाकरीपेक्षा काही थोर नव्हता, पण वाईटही नव्हता. वहिनी तेव्हाच पुढच्या खोलीत कपाट कुठं हलवायचं ते गिरिजाला दाखवत होत्या. गिरिजा हो हो म्हणत होती. ती कॉलेजला उद्याच होकार कळवणार होती.

दिवेलागणीला तिचा आवाज रस्त्यावरून ऐकू आला. ती रिक्षा बघत होती. हार्लनला उलट्या थांबत नव्हत्या. तीन दिवस तो दवाखान्यात सलाईनवर होता, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट खांद्यावरून उतरत होता. त्यानं कुणाला दोष दिला नाही. पाणी असेल, म्हणाला. पण गिरिजानं वहिनींना बसवून सांगितलं की एवढं सगळं करूनही असं होत असेल, तर जन्मभर कशाच्या भरवशावर राहायचं? कॉलेजला नकार गेला. आठव्या दिवशी दोघं गेली. तवा तो ठेवून गेला, पुढच्या खेपेला लागेल म्हणून.

पुढची खेप झाली नाही. नातू झाला तेव्हा वहिनी एकदा चार महिने जाऊन आल्या. तिकडची थंडी सोसली नाही. नंतर रविवारचा फोन तेवढा राहिला.

वहिनी दळणाला माझ्याकडंच येत राहिल्या. एक गोष्ट मात्र बदलली. आधी काय दळलंय, हे त्यांनी परत कधी विचारलं नाही. डबा ठेवायच्या, बसायच्या, घेऊन जायच्या. मी मनाशी म्हणायची, आता घरात कुणासाठी जपायचंय? एकट्या बाईच्या भाकरीला डाळीचा वास आला काय नि न आला काय.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी गिरणी बंद केली. लोक तयार पिठाची पाकिटं घ्यायला लागले, घरोघरी छोट्या घरघंट्या आल्या, आणि माझे गुडघे गेले. शेवटच्या दिवशी दगड न्यायला माणूस यायचा होता. त्याआधी वहिनी आल्या, दोन किलो ज्वारी घेऊन. पंचाहत्तरीच्या झाल्या होत्या. डबा कट्ट्यावर ठेवला आणि बसल्या.

मी ज्वारी ओतली. आम्ही दोघीच होतो. शेवटचं दळण, म्हणून असेल, किंवा त्यांनी विचारलं नाही म्हणून असेल, मला राहवेना.

“वहिनी,” मी म्हणाले, “त्या रविवारी, तुमच्या मक्याच्या आधी, गहू दळला हुता.”

त्यांनी वर बघितलं नाही. मी सांगत गेले. टाकी लावली की दगड उपाशी फिरवायचा नसतो, असं सासूबाई सांगायच्या. पहिला घास दगडाला. दगडाची कच त्यात निघून जाते, आणि ते पीठ गाईला घालायचं. तो घास गव्हाचा असतो. ओंजळभर गहू. मी दोन दिवस छत झाडलं, बाही जाळली, आणि नारळ फोडून झाल्यावर माझा हात आपसूक कोनाड्यातल्या गव्हाच्या वाटीकडं गेला. बावीस वर्षांची सवय. मका पडायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं. तेव्हा पट्टा बंद करून सांगता आलं असतं. पुन्हा सगळं खोलावं लागलं असतं, सिद्रामला पुन्हा बोलवावं लागलं असतं, आणि तुम्ही बाहेर बसला होता. मी पहिल्या दोन ओंजळी बाजूला काढल्या आणि म्हटलं, गेला सगळा गहू त्यात.

“मी तुमच्या लेकीला हाकललं,” मी म्हणाले. “पाण्यानं न्हाई.”

ज्वारी संपत आली होती. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

“मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन चाळलं तवा चाळणीत चार तांबूस फोलपटं ऱ्हायली. गव्हाचा कोंडा मला वळखू येत न्हाई व्हय?”

मी विचारलं, मग परत का नाही आणलंत?

“तू दोन दिस गिरणी बंद ठेवलीस. घामानं निथळत हुतीस. तुज्या तोंडावर कसं म्हणू, शालन, तुज्या दळणात गहू आलाय म्हणून? त्या दिशी आधी काय दळलंय ते सुदीक मी विचारलं न्हाई, तुला राग यील म्हणून. फोलपटं वेचली, पुन्ना दोनदा चाळलं, आणि म्हणलं, येवढ्यानं काय हुतंय.” त्या थांबल्या. “भीड भिकंची भन म्हणत्यात. लेकीपरास मला तुजी भीड मोठी झाली.”

मला रडू आलं नाही. राग आला, त्यांचा आणि माझा, आणि तो अजून गेलेला नाही. अकरा वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होते आणि त्या माझ्यापासून, एकाच कट्ट्यावर बसून.

“गिरिजाला?” मी विचारलं.

“तिला पाणीच सांगितलंय,” वहिनी म्हणाल्या. “आता तसंच ऱ्हाऊ दे.”

ज्वारी संपली आणि दगड रिकामा फिरायला लागला. मी पट्टा बंद केला. मी डबा उचलून त्यांच्या हातात दिला. पीठ गरम होतं, म्हणून त्यांनी झाकण थोडं उघडं ठेवलं आणि पायरी उतरून गेल्या.